जळकी पानं

रुडॉल्फसमोर रमीला बसायचं तर आधी देवाचं नाव घ्या, असं भुईगावात लोक गमतीनं म्हणायचे. तो पैसे लावून कधी खेळला नाही, तरी समोरच्याला घाम फोडायचा. कुणी कोणतं पान उचललं, कुणी कोणतं टाकलं, सगळं त्याला पाठ. डाव संपला की बशीत चहा ओतता ओतता सांगायचा, "आल्बर्ट, तू किलवरची नव्वी टाकलीस तिथेच मेलास." रविवारी मिस्सा झाली, जेवणं झाली की त्याच्या ओट्यावर चटई पडायची आणि दिवेलागणीपर्यंत उठायची नाही. विनी आतून ओरडायची, "अहो, केळीला पाणी कोण सोडणार?" आणि तो पानांवरची नजर न काढता म्हणायचा, "सोडतो, सोडतो. हा एकच डाव."

एका सकाळी तो केळीत पंप चालू करायला गेला आणि बराच वेळ परतला नाही. विनी बघायला गेली तर तो पाटाच्या कडेला ओल्या मातीत पडलेला होता. तोंड वाकडं झालेलं, डोळे उघडे. उजवा हात अंगाखाली अडकलेला होता आणि तो त्याला काढता येत नव्हता.

वसईच्या हॉस्पिटलातून तो घरी आला तेव्हा जीव वाचला होता, पण उजवी बाजू गेली होती आणि बोलणंही गेलं होतं. पाय हळूहळू थोडा परत आला. काठी आणि विनीचा खांदा एवढ्यावर तो मोरीपर्यंत जाऊ लागला. हात मात्र मेला तो मेलाच. तोंडातून नुसता आवाज यायचा, आणि कधी एखादा शब्द आलाच तर भलताच. पाणी हवं असलं की "उद्या" म्हणायचा. नको असलं की "हो" म्हणायचा आणि दिलेलं ढकलून द्यायचा.

बोलणं शिकवायला आगाशीहून रीमा यायची. तरुण पोरगी, स्कूटरवरून यायची, दप्तरात चित्रांचे पत्ते घेऊन. "अंकल, हे काय आहे? स-फ-र-चं-द." रुडॉल्फ दोन चित्रं बघायचा आणि मग भिंतीकडे तोंड करायचा. रीमानं घड्याळ दाखवलं, छत्री दाखवली, शेवटी मांजर दाखवलं, पण भिंतीकडचं तोंड वळलं नाही.

"लहान मूल झालंय बघ," विनी म्हणाली. हे ती येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना सांगायची, त्याच्या खाटेशीच उभी राहून.

"आंटी, तसं नाहीये," रीमा म्हणाली. "अंकलना बऱ्यापैकी समजतंय. प्रॉब्लेम शब्द बाहेर यायचा आहे. एक शब्द बोलायला जातात आणि दुसराच येतो. आपण असं करू, त्यांना दोनच शब्द द्यायचे. पण असे, की त्यांना त्यांची खरंच गरज पडेल. त्यांना आधी काय आवडायचं?"

"पत्ते," विनी म्हणाली. "दुसरं काय?"

पत्ते आवडायचे, पण रमीची तेरा पानं एका हातात कशी धरायची? विनीनं करून बघितलं. तांदूळ पाखडायच्या सुपाच्या काठाला पानं टेकवून ठेवली, तर वाऱ्यानं पडली. मग उशीच्या घडीत खोचली, ती रुडॉल्फनं उपसून फेकली. तो चिडला होता की रडत होता तेही तिला कळेना.

पण विनीनं उभा जन्म बालवाडीत काढला होता. रडणाऱ्या पोराला खेळ सापडत नसला तर त्याच्या मापाचा बनवायचा, हे तिच्या हाताला ठाऊक होतं. दोन दिवस ती स्वयंपाक करताना मनाशी पुटपुटत राहिली आणि तिसऱ्या दिवशी दुपारी खाटेसमोर स्टूल मांडून बसली.

"अहो, इकडे बघा. नवीन खेळ आहे. हातात काही धरायचं नाही."

तिनं अख्खा कॅट पिसून पालथा ठेवला. "वरचं एक पान घ्यायचं आणि समोर उघडं मांडायचं. मग दुसरं, मग तिसरं, अशी ओळ करत जायचं. पानं सगळी वेगवेगळी आली तर ओळ वाढत जाते. पण ओळीत सत्ती असताना दुसरी सत्ती आली, की ओळ जळाली. सगळी पानं गेली. त्याच्या आधी थांबलात तर ओळ तुमची, ती या डब्यात टाकायची." तिनं बिस्किटांचे दोन रिकामे डबे वाजवून दाखवले. "गड्डी संपली की ज्याच्या डब्यात जास्त पानं तो जिंकला. पान हवं असेल तर 'अजून' म्हणायचं. थांबायचं असेल तर 'बस'. आणि शब्द आल्याशिवाय पान मिळणार नाही. हे रीमाबाईंचं सांगणं आहे."

रुडॉल्फनं डाव्या हातानं गड्डीवर टिचकी मारली.

"अं हं. शब्द."

त्यानं तिच्याकडे असं बघितलं की दुसऱ्या कुणी उठून पळ काढला असता. मग तोंड हललं. गळ्याच्या शिरा ताणल्या. "अ" आला, बऱ्याच वेळानं "अजु" आला, आणि त्या संध्याकाळी नाही पण त्या आठवड्यात केव्हातरी, एक राणी आणि एक तिर्री समोर असताना, अख्खा शब्द आला.

"अजून."

विनीनं पान उलटलं. दुसरी राणी आली. ओळ जळाली आणि दोघंही एकमेकांकडे बघत बसली.

मग तो शब्द सुटलाच. पाणी हवं, "अजून." पंखा बंद करा, "अजून." फादर घरी कम्युनियन घेऊन आले तर त्यांनाही "अजून", आणि फादर बिचारे गोंधळून दुसऱ्यांदा प्रार्थना म्हणाले. "बस" मात्र येईना. त्यामुळे खेळात रुडॉल्फची प्रत्येक ओळ जळायची. विनी तीन पानं झाली की थांबायची. चौथं पान तिच्यानं ओढवतच नसे. ती तीन-तीन पानं डब्यात टाकून रोज जिंकायची आणि तिला वाईट वाटायचं. बऱ्याच ओळी जळल्यावर एकदा रुडॉल्फनं हात गड्डीवर आडवा ठेवला आणि "बस" म्हणाला, इतकं स्पष्ट की विनीनं दारात कोण आलंय म्हणून मागे वळून बघितलं.

रीमानं टाळ्या वाजवल्या. बोळिंजला राहणाऱ्या मुलाला, ॲल्रॉयला, विनीनं फोन केला. "दोन शब्द बोलतात आता."

"छान, मम्मी," ॲल्रॉय म्हणाला. "खरंच छान."

एकच भानगड होती. खेळता खेळता रुडॉल्फला मध्येच झटका यायचा. सगळं सुरळीत चाललेलं असायचं आणि एकाएकी तो डावा हात उगारून स्टुलावर थाप मारायचा. पानं उडायची, डबे घरंगळायचे. मग तो भिंतीकडे वळला की वळला. हॉस्पिटलात सांगितलंच होतं, अशा आजारात राग येतो, माणूस बदलतो. विनी काही न बोलता पानं गोळा करायची. बदललेल्या माणसाशी काय भांडायचं?

मग आल्बर्ट आला. आल्बर्ट रुडॉल्फचा शाळेपासूनचा सोबती, दोन वाड्या सोडून राहणारा. आजारपणात आधी रोज यायचा, मग आठवड्यानं, मग येईनासा झाला. रुडॉल्फच्या तोंडासमोर बसून काय बोलायचं हे त्याला सुचायचं नाही, हे विनीला कळत होतं, म्हणून तिनं मनात ठेवलं नव्हतं. नवीन खेळाचं कानावर आलं तेव्हा तो सोनचाफ्याची चार फुलं खिशात घालून हजर झाला.

"विनीबाय, मला पण शिकव."

विनीनं नियम सांगितले. आल्बर्ट मुळात हावरा खेळाडू. सहा पानांची ओळ केली, सातव्याला जाळली, आणि "च्यायला" म्हणून जळालेली पानं गोळा करून बाजूच्या सुपात भिरकावली. रुडॉल्फनं त्याच्याकडे बघून मान डोलवली. दुसरी ओळ जळली, तीही सुपात गेली. डाव शेवटपर्यंत गेला. थाप पडली नाही.

"आल्बर्ट, तू जळकी पानं बाजूला टाकतोस?" विनीनं विचारलं.

"मग काय करू? जळाली ना?"

"मी ती परत गड्डीत घालून पिसते. नाहीतर डाव लगेच संपतो."

हे बोलली आणि तिचा हात तोंडाशी गेला. थाप कधी पडायची? ओळ जळल्याबरोबर नाही. ती पानं उचलून, परत गड्डीत घालून पिसायला लागायची तेव्हा. दर वेळी तेव्हाच. एवढे दिवस तिला वाटत होतं आजार बोलतोय. आणि हा माणूस सांगत होता, बाई, तू माझा हिशेब मोडते आहेस.

तरी तिला खात्री वाटेना. खात्री दुसऱ्या दिवशी झाली. आता जळकी पानं सुपात जात होती आणि गड्डी खरोखरच पातळ होत चालली होती. बारा-पंधरा पानं उरली असतील. रुडॉल्फच्या ओळीत सत्ती, राजा, दश्शी, तिर्री आणि गुलाम अशी पाच पानं होती. पाच पानांवर विनी केव्हाच थांबली असती.

"अजून," रुडॉल्फ म्हणाला.

"बस ना?" विनीनं समजुतीच्या सुरात विचारलं. पुन्हा चुकीचा शब्द आला असेल. "चांगली ओळ झालीय. बस म्हणायचंय ना तुम्हाला?"

"अजून."

तिनं सुस्कारा टाकून पान उलटलं. एक्का.

"अजून." पंजी.

"बस," रुडॉल्फ म्हणाला आणि ओळ स्वतःच डाव्या हातानं डब्यात ओढली.

विनीनं उरलेली गड्डी उलटून सगळी पानं स्टुलावर पसरली. सत्ती एकही नव्हती. राजा, दश्शी, तिर्री, गुलाम, एक्का, काही नाही. तिनं सूप पालथं केलं, दोन्ही डबे रिकामे केले. तिथे होती सगळी, आधीच गेलेली. रुडॉल्फच्या ओळीला जाळू शकेल असं गड्डीत एकच पान शिल्लक होतं, ती चौकटची पंजी. ओळीत पंजी आली नव्हती तोवर त्याला कसली भीतीच नव्हती, आणि आली त्या क्षणाला तो थांबला होता.

ती उठली आणि मागच्या पडवीत जाऊन उभी राहिली. पलीकडे बावखलाच्या, वाडीतल्या जुन्या तळ्याच्या, पाण्यात आभाळ पडलं होतं. आधी तिला हसू आलं. म्हातारा बावन्न पानं पाठ धरून बसला होता! मग ते हसू अर्ध्यातच राहिलं. म्हणजे सगळं कळत होतं. "लहान मूल झालंय" हे कळत होतं. ब्रेंडा, तिची सून, खाटेपाशी उभी राहून "मम्मी, डायपरची पाकिटं कुठे ठेवू?" म्हणाली होती, ते कळलं होतं. घरात आलेली दूरची कुणी मावशी म्हणून गेली होती, "देवानं न्यायला हवं होतं गं त्यापेक्षा," आणि विनीनं तिला चहा दिला होता.

आत येऊन ती त्याच्या खाटेवर टेकली. "माफ करा हं," म्हणाली. रुडॉल्फनं सुपाकडे बोट दाखवलं. पुढचा डाव लाव.

त्या दिवसापासून विनी त्याच्याशी बोलायला लागली. अगदी पूर्वीसारखं. कोणत्या केळीला घड धरलाय, पानवेलीवर कीड पडलीय, आल्बर्टचा भाचा पाणी सोडायला येतो पण पाट फोडून ठेवतो, सगळं. भांडायलाही लागली. तो ऐकायचा, कधी "बस" म्हणायचा, आणि ते कोणत्या अर्थानं हे तिला बरोबर कळायचं.

एप्रिल संपता संपता ती पडली. मोरी घराच्या मागे, तीन पायऱ्या उतरून. रुडॉल्फला घेऊन वर चढताना खालच्या पायरीवर सांडलेल्या साबणाच्या पाण्यावरून तिचा पाय सरकला. आपण पडलो तर हा अंगावर येईल, एवढंच डोक्यात आलं, म्हणून तिनं त्याला भिंतीकडे ढकललं आणि स्वतः मनगटावर आपटली. रुडॉल्फ भिंतीला काठी टेकून उभा राहिला. तिला उठवायला त्याच्याकडे हात नव्हता. ती त्याच्या पायाशी बसून मनगट धरून कळ जिरवत होती.

हाड मोडलं नव्हतं, डॉक्टरांनी पट्टी बांधून दिली. "ॲल्रॉयला सांगायचं नाही हं," घरी आल्यावर ती रुडॉल्फला म्हणाली आणि स्वतःच हसली. तो हसला नाही.

ॲल्रॉय दर रविवारी यायचा. वाईट पोरगा नव्हता. अंधेरीला नोकरी, बोळिंजच्या टॉवरमध्ये नवव्या मजल्यावर घर, त्यातली एक खोली त्यानं आईवडिलांसाठी रंगवून ठेवलेली. येताना पापलेट आणायचा, वडिलांची दाढी करून द्यायचा, आणि निघताना तोच विषय काढायचा.

"मम्मी, हाताला काय झालं?"

"नारळ सोलताना मुरगळला."

"बघ, म्हणूनच म्हणतो. तिथे लिफ्ट आहे, बाथरूम खोलीलाच आहे. डॉक्टर खालीच. इथे तुला एकटीला होत नाही."

"माझं काय," विनी म्हणाली. "यांचं सांग. यांचा जीव या वाडीत आहे. त्यांना इथून हलवलं तर दोन महिने काढायचे नाहीत."

"अगं, डॅडींना आता कुठे काय कळतंय? इथे काय, तिथे काय."

रुडॉल्फ समोर खाटेवर बसला होता. त्यानं दोघांकडे आळीपाळीनं बघितलं. विनीचे कान तापले.

"बस तिथे," ती मुलाला म्हणाली. "त्यांच्याशी एक डाव खेळ. मग बोल."

ॲल्रॉयनं मोबाइल बाजूला ठेवला, पण डोळे तिकडेच. पहिल्या ओळी त्यानं पटापट ओढल्या, जाळल्या. "नशिबाचाच खेळ आहे ना," म्हणाला. रुडॉल्फ सुरुवातीला दोन-दोन पानांवर थांबत होता. गड्डी पातळ व्हायला लागली तसा तो लांब जायला लागला. सहा पानांवर "अजून." सातवर "अजून." ॲल्रॉयनं मोबाइल पालथा केला.

"डॅडी, जळणार आता," तो म्हणाला.

"अजून," रुडॉल्फ म्हणाला. नव्वी आली. नऊ पानं. "बस."

"त्यांना ठाऊक असतं," विनी म्हणाली. "कोणती पानं गेली आणि कोणती उरलीत. गड्डी उलटून बघ."

ॲल्रॉयनं उलटून बघितली. एक-एक पान बोटानं सरकवत बराच वेळ बघत राहिला. मग खुर्ची ओढून बापाच्या समोर, गुडघ्याला गुडघा लागेल इतका जवळ बसला. त्याचा आवाज बदलला होता.

"डॅडी, सॉरी. तुम्हालाच विचारायला हवं होतं मी. आमच्याकडे राहायला याल? बोळिंजला?"

रुडॉल्फचं तोंड हललं. "अजून," तो म्हणाला.

"ऐकलंस?" विनी लगबगीनं म्हणाली. "अजून इथेच राहायचंय म्हणतात. मी सांगत होते ना?"

थाप पडली. डबे उडाले, पानं खाटेखाली गेली.

ॲल्रॉय दचकून उठला. "काय झालं? मम्मी, गोळी द्यायची का?"

विनी मात्र हलली नाही. ही थाप ती ओळखत होती. कुणीतरी त्याचा हिशेब मोडत होतं, आणि ते कुणीतरी पुन्हा तीच होती.

"गोळी नको," ती हळूच म्हणाली. "मी चुकीचं सांगितलं. त्यांना तसं नव्हतं म्हणायचं."

रुडॉल्फनं डावा हात पुढे केला आणि तिचं पट्टी बांधलेलं मनगट धरून स्टुलावर ठेवलं. मग त्यानं मागच्या दाराकडे बोट दाखवलं. मोरीकडे. नंतर दोन बोटं स्टुलावर उभी केली आणि माणूस चालावा तशी चालवली, एक पाऊल, दुसरं पाऊल, आणि तिसऱ्याला पंजा उताणा पाडला.

"मम्मी," ॲल्रॉय म्हणाला, "तू पडलीस?"

विनीनं मनगट मागे घ्यायला बघितलं.

रुडॉल्फनं तिच्या मनगटावर तळवा ठेवला. अगदी हलका, पट्टीवर पान ठेवावं तसा. "बस," म्हणाला. मग मुलाकडे बघून पुन्हा, "बस."

खाटेखाली वाकून पानं गोळा करायचं निमित्त करून विनीनं डोळे पुसले. या घरात ती लग्न होऊन आली तेव्हा ओट्यावर सोनचाफ्याची रास पडली होती, आणि बाळंतपणाचे आणि हॉस्पिटलचे दिवस सोडले तर तिनं दुसऱ्या छपराखाली रात्र काढली नव्हती. जीव वाडीत होता हे खरंच होतं. फक्त कुणाचा, ते तिनं सोयीनं सांगितलं होतं.

"मलाच जायचं नाहीये रे," ती पानं जुळवत म्हणाली. "तुझ्या डॅडींच्या नावावर मी खपवत होते."

तिला वाटलं होतं ॲल्रॉय हे ऐकून चिडेल. चिडला नाही. तो तिच्या शेजारी जमिनीवर बसला आणि खाटेखालचं शेवटचं पान काढून तिच्या हातात दिलं. "मग नको येऊस," म्हणाला. "मी इथे दिवसभराची बाई बघतो. मोरी आत घेऊ."

"आधी त्यांना विचार. आणि नीट विचार. रीमा सांगते, एकच प्रश्न दोन बाजूंनी विचारायचा, आणि उत्तर अंगठ्यानं घ्यायचं."

ॲल्रॉयनं विचारलं. बोळिंजला यायचं? अंगठा वर. इथेच राहायचं? अंगठा खाली. मम्मी तयार नसली तरी? यावर रुडॉल्फनं अंगठा वरही केला नाही आणि खालीही नाही. तो विनीकडे बघत राहिला. गड्डी तिच्यापुढे सरकवावी तसं ते बघणं होतं. तुझी पाळी.

विनीनं पुष्कळ वेळ घेतला. चहा केला, ॲल्रॉयला पावाबरोबर दिला, रुडॉल्फला बशीतून पाजला. मग म्हणाली, "घर विकायचं नाही. भाड्यानं द्यायचं नाही. वाडी आल्बर्टचा भाचा बघेल. दर रविवारी मिस्सेला इथेच यायचं, आणि जेवायला या ओट्यावर."

"कबूल," ॲल्रॉय म्हणाला.

मे महिन्यात ती दोघं बोळिंजला गेली. विनीला ते सोपं गेलं असं कुणी म्हणू नये. नवव्या मजल्यावर वारा खूप, पण त्याला कशाचा वास नव्हता. खिडकीतून दुसऱ्या टॉवरच्या खिडक्या दिसायच्या. तिनं भुईगावहून पानवेलीची फांदी आणून बाल्कनीत डब्यात लावली, ती दोनदा वाळली. ब्रेंडाशी स्वयंपाकघरात कोणतं भांडं कुठे यावरून खटके उडाले. मग दोघींनी मिळून फळ्या वाटून घेतल्या. मोरीला जायला मात्र पायऱ्या नव्हत्या, आणि विनीचं मनगट बरं झालं.

इमारतीच्या खाली म्हाताऱ्यांसाठी बाक टाकलेले होते. तिथे आशालता नावाची एक बाई बसायची. खाडीकाठच्या शेतकरी घरातली, आता मुलाकडे राहायला आलेली. रुडॉल्फ आणि विनी बाकावर सूप ठेवून खेळतात हे तिनं दोन दिवस लांबून बघितलं आणि तिसऱ्या दिवशी पिशवी सावरत येऊन बसली.

"काय खेलता ओ? मना पन सांगा."

विनीनं नियम सांगितले. आशालता पहिल्याच डावात नऊ पानांपर्यंत गेली, जाळली आणि खो खो हसली. "आता पानी पाजा कोनीतरी," म्हणाली. तिनं स्वतःचा एक नियमही घातला: जळालेल्या ओळीतलं पहिलं पान ज्याचं त्याला ठेवू द्यायचं. अगदीच रिकाम्या हातानं माणसाला उठवू नये. रुडॉल्फला हा नियम पटला नाही. दोन दिवस तो थाप मारत होता आणि आशालता त्याला न घाबरता उलट थाप मारत होती. शेवटी आल्बर्ट पालिकेच्या बसनं भेटायला आला तेव्हा त्याच्या मतानं निकाल लागला आणि नियम राहिला. आता बाकावर सात-आठ जणं जमतात. रुडॉल्फ बहुतेक वेळा जिंकतो. हरला की संध्याकाळभर कुणाशी बोलत नाही, आणि न बोलणं म्हणजे काय हे आता सगळ्यांना नीट कळतं.

तिसरा शब्द यायला पावसाळा उलटावा लागला. रीमा अजून आठवड्यातून एकदा यायची, आणि तो शब्द कोणता असेल याबद्दल घरात उघड कुणी बोलत नसलं तरी प्रत्येकाची अटकळ एकच होती. विनीनं आरशासमोर उभं राहून एकदा स्वतःचं नाव हळू म्हणूनही बघितलं होतं. केवढंसं नाव, दोन अक्षरी. जिभेला काही अवघड नाही.

एका सकाळी दोघं खाली जायला निघाली. दारं मिटायला लागली तेवढ्यात शाळेची पोरं जिन्यावरून धावत आली आणि रुडॉल्फनं काठी आडवी घालून खणखणीत आवाजात हाक दिली.

"लिफ्ट!"

पोरं आत घुसली. विनी त्याच्याकडे बघतच राहिली.

"लिफ्ट?" ती म्हणाली. "एवढ्या वर्षांच्या संसारानंतर लिफ्ट?"

त्या दिवशी ती त्याच्याशी दुपारपर्यंत बोलली नाही. चहाच्या वेळी ब्रेंडानं विचारलं, "मम्मी, काय झालं?" तेव्हा विनीनं सगळं सांगितलं, आणि सांगता सांगता तिला असं हसू फुटलं की बशी खाली ठेवावी लागली. आतल्या खोलीत रुडॉल्फ खिडकीपाशी बसून समोरच्या टॉवरचे मजले डाव्या हाताच्या बोटांवर मोजत होता.